अक्काच्या नावाची चिठ्ठी

३ डिसें., बुध.

आज आलं : लिंबाचं लोणचं, एक बाटली. बाटली जुनी, कॉफीची, झाकण दुसऱ्याच कशाचं तरी. वर परवाचा पेपर, सुतळी. अंदाजे किंमत : लिंबं दहा रु., मीठ-मसाला पाच, बाटली फुकट. एकूण पंधरा. मर्यादा पन्नासची आहे.

कुणी पाठवलं ते कळू द्यायचं नाही, हाच नियम. पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी (पा.बाईंनी), रविवारी चर्चच्या महिला मंडळात काढलेलं हे. बाई नवीन आहेत, तिशीच्या आतल्या, बोलणं पुस्तकी, उत्साह फार. प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलायची. जिचं नाव निघेल तिच्यासाठी रोज गुपचूप प्रार्थना करायची, आणि दर बुधवारी तिच्या नावाचं एक पुडकं मंडळाच्या टोपलीत ठेवायचं. एकवीस तारखेला उभं राहून सांगायचं, मी कुणाची. "नाताळात मनात कडूपणा शिरतो, ताई. त्यावर हा उपाय आहे," असं बोलल्या. बोलताना माझ्याकडे बघत होत्या. बावीस बायका होत्या, माझ्याकडेच का?

माझ्या चिठ्ठीत अक्का निघाली. माझी मोठी जाऊ. दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही, हे चर्चमधल्या पोराटोरांना ठाऊक आहे. आणि बावीसातून मला तीच निघते. चिठ्ठ्या पा.बाईंनी घरून घड्या घालून आणलेल्या. माझ्या पाळीला डब्यात किती उरल्या होत्या ते बघायला हवं होतं. चुकलं.

लोणचं आंबट ढाण. ह्यातून मला काय सांगायचंय? खाल्लं नाही. फडताळात मागं सारलं.

४ डिसें., गुरु.

मी काल अक्काच्या नावानं काय ठेवलं ते इथं लिहून ठेवते, इथं तरी खोटं नको. मिठाची पुडी, एक किलो. वस्तू उपयोगाचीच आहे. पण मनात उपयोग नव्हता. सासूबाई आमच्याकडे तीन वर्षं अंथरुणावर होत्या. अक्का दर रविवारी चर्चमधली भक्ती संपली की त्यांना भेटायला यायची, जेवून जायची. उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, कपडे धुणं सगळं माझ्याकडं. आणि सासूबाई गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला घर माणसांनी भरलेलं, मी चहाचा ट्रे घेऊन आत येतेय, आणि ही सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या आईचा शेवटचा नाताळ कोरडाच गेला."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी तसाच एकेकाला चहा दिला, तेवढं आठवतं.

म्हणून मीठ. आमच्या घरचं खाल्लंस, त्याला जागली नाहीस. तिला कळेल न कळेल, मला कळतं तेवढं पुरे.

प्रार्थना : देवा, अक्काला तिची चूक दाखव.

लिहून वाचली. ही प्रार्थना नव्हे, फिर्याद झाली. उद्या परत.

६ डिसें., शनि.

नाताळची कागदी चांदणी माळ्यावरून काढली. दोन टोकं उंदरानं खाल्लीत. ह्यांनी पतंगाचा कागद लावून नीट केली, एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली तरी हात कागदालाही चांगला. टांगताना म्हणाले, "तुला वहिनी निघाली व्हय गं चिठ्ठीत?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. तू दोन दिवस प्रार्थनेला बसतीस ती भांडायला बसल्यागत बसतीस."

ह्यांना कुणीतरी सांगितलंय. पा.बाईच असणार.

डिसेंबर लागला की माझं असंच होतं. दुसऱ्यांच्या घरी फराळ, पावणे, सुनांची ये-जा. मी मोजत बसते कोण आलं, कोण आलं नाही, कोण दारावरून पुढं गेलं. मागल्या नाताळात गीतं गाणारी मंडळी आमच्या घरी शेवटी आली, पोरं पेंगत होती. ते अजून लक्षात आहे. तारणाऱ्याच्या जन्माच्या महिन्यात मी हे लक्षात ठेवते. लाज वाटते, पण ठेवते.

१० डिसें., बुध.

आज आलं : पायमोजे, तपकिरी, पुरुषी मापाचे. तीस-पस्तीस रु., रस्त्यावरचे. माझ्या टाचा भेगाळतात हे घरच्याशिवाय कुणाला माहीत? चर्चमध्ये मी साडी खाली सोडून बसते. घरातली असून बाहेर राहणारी एकच. अक्का. म्हणजे तिला मी निघाले, मला ती. पा.बाईंनी जोडी लावली ह्यात आता शंका नाही. लोणचंही तिचंच, आंबट तोंडाची म्हणून.

पण आजची मोठी गोष्ट ती नव्हे. पा.बाई म्हणाल्या, देवानं काय केलं याची कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी. अक्का उठली. बाकाला धरून उठली.

"मी काय बोलणारी न्हवं," म्हणाली. "पण सांगते. त्या रविवारी हितनं घरी गेले आन् गुडघा असा धरला, दोन मजले उतरायची सोय न्हाय. घरात मीठ संपलेलं. खालचं दुकान बंद. तीन दिस अळणी आमटी खाल्ली. शेजारी मीठ मागायचं तर लाज वाटली, आधीच एकटी म्हणून कीव करत्यात. बुधवारी कशीबशी रिक्षानं हितं आले, आन् टोपलीत माझ्या नावानं मीठ! रिक्षात रडत गेले बघा. जिनं धाडलं तिचं देव कल्याण करो."

बायका डोळे पुसायला लागल्या. शेजारच्या घरातली विजूताई बाजूला बसलेली, माझ्या कानात, "बघ गं, देवाला बरोबर कळतंय." मी मान हलवली.

बोलताना अक्का खांबाकडे बघत होती. खांब माझ्या डाव्या हाताला. ओळखून बोलली? मला लाजवायला? तीन दिवस अळणी खाल्ल्याचं सोंग कोण करतं? पण तिला सवय आहे, चारचौघांत बोलायची.

ह्याहून वाईट म्हणजे आजचं माझं पुडकं. मी आज कडुनिंबाचा साबण ठेवला होता. कडू म्हणून. साक्ष झाल्याबरोबर टोपलीजवळ गेले, पुडकं उचलून पिशवीत टाकावं म्हणून. पा.बाईंचा हात आधीच त्यावर. "आता नको ताई, वाटप चालू केलंय." माझ्या डोळ्यासमोर साबण अक्काच्या हातात गेला. तिनं पुडकं कपाळाला लावलं.

१२ डिसें., शुक्र.

खोटं बोलत असेल तर एकदाचं कळू दे, म्हणून अक्काच्या गल्लीत गेले. बाजारात जाते सांगून. खालच्या दुकानात काडेपेटी घेतली, विचारलं, मागल्या आठवड्यात दुकान बंद होतं का?

"व्हय मावशी, सोमवार ते बुधवार. भावाचं लगीन हुतं. का?"

"वरच्या आजी..."

"त्यास्नी लई त्रास झाला म्हणं. एरवी वरनं दोरीला पिशवी सोडत्यात, आमी सामान घालतो. पाय न्हाय चालत त्यांचा. तुम्ही कोण त्यांच्या?"

"कुणी नाही," म्हणाले.

वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गजाला रिकामी पिशवी बांधलेली, वाऱ्यानं हलत होती. जिन्यापाशी उभी राहिले. पाच मिनिटं असेन. चढले नाही. वर जाऊन म्हणणार काय? चौकशीला आले होते, तू खरी निघालीस?

मीठ खरं निघालं म्हणून माझी नियत खरी होत नाही. आणि तिचं मीठ खरं निघालं म्हणून ती त्या दिवशी जे बोलली ते खरं ठरत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

प्रार्थना : देवा, अक्काचा गुडघा. एवढीच झाली. पुढं शब्द येईना, पण फिर्याद नव्हती.

१४ डिसें., रवि.

आज बायबलमधलं वचन होतं, वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. लहानपणापासून ऐकते. आज पहिल्यांदा नीट ऐकलं, "त्याचं तुझ्याविरुद्ध". मी नेहमी उलट ऐकत आले, माझं त्याच्याविरुद्ध.

अक्का दोन बाकं पुढं होती. भक्ती संपल्यावर उशिरानं उठली. सगळी पुढं गेली, तरी ती बसूनच. मला वाटलं थांबावं. विजूताईनं हाक मारली, गेले.

१६ डिसें., मंगळ.

करंज्या. यंदा चाळीसच. रवा-खोबरं भाजलं, सकाळी लाटायला बसले. मुरड घालताना एकटीच होते, आणि हात आपोआप मोजायला लागले. एक, दोन, तीन.

आता लिहितेच. नाहीतर रोज ह्याच्या कडेकडेनं लिहीत राहीन.

सासूबाईंचा शेवटचा नाताळ. मी साठ करंज्या केल्या होत्या. गीतं गाणारी मंडळी, पाळक, शेजारी, सगळा हिशोब बसवलेला. दुपारी सासूबाईंना वास गेला. हाक मारली. म्हणाल्या, "पोरी, एक दे. अर्धी दे." त्यांना साखरेचा आजार. मी म्हटलं, "आई, साखर वाढंल, डॉक्टरनी नको सांगितलंय." त्यांनी बरं म्हणून तोंड भिंतीकडं केलं.

डॉक्टर नको म्हणाले नव्हते. सणाला थोडं चालेल असं म्हणाले होते. मला साठ पुरवायच्या होत्या. अर्ध्या करंजीनं पावण्यांत कमी पडलं असतं का? शेवटी चार उरल्या होत्या. तेव्हाही दिली नाही, विसरले. फेब्रुवारीत त्या गेल्या.

खोलीत आम्ही दोघीच होतो. म्हणून मी दोन वर्षं म्हणत आले, अक्का खोटं बोलली.

उद्याच्या पुडक्यात करंज्या ठेवायच्या. डब्यात पाच घातल्या. मुरड बघून ती हात ओळखेल. ओळखू दे. एक परत काढली. परत ठेवली.

१७ डिसें., बुध.

आज आलं : खसखस. पन्नास ग्रॅम तरी असेल. पन्नासात बसणारी नव्हे, मर्यादा मोडलेली. माझ्यावर एवढा खर्च कोण करतं आणि कशासाठी? काम असल्याशिवाय कुणी मर्यादा मोडत नाही.

अक्का आली नव्हती. पा.बाई म्हणाल्या, "त्यांची मुलगी नेसरीहून आली, काल घेऊन गेली. पाय फारच सुजलाय. नाताळ तिकडेच करतील." माझा डबा टोपलीतच राहिला. सगळ्या गेल्यावर मी उचलला. नाव लिहिलेला कागद आधी काढला.

अगदी कालच का गेली? साबणावरून ओळखलं असेल? का पाय खरंच? बसून बसून दोन्ही बाजूंनी विचार केला, दोन्हीकडून मीच वाईट निघते.

ह्यांनी संध्याकाळी डब्यातल्या दोन खाल्ल्या. "कमी गोड झाल्यात," म्हणाले.

२१ डिसें., रवि.

उभं राहून सांगायचा दिवस. पा.बाईंनी गोल बसवलं. एकेक उठते, "मी हिची," मिठ्या, टाळ्या.

विजूताई उठली नि थेट माझ्याकडं आली. "मी हिची!"

मला खरं वाटेना. म्हटलं, "तुम्ही? लोणचं?"

"झाडाला लिंबं लई आल्ती, वाया जात हुती."

"पायमोजे?"

"अगं रोज सकाळी दूध घ्यायला फाटकात येतीस, टाचा दिसत्यात की. मापाचं म्हणशील तर आमच्या ह्यांचे आणायला गेल्ते, तुझे बी घेतले."

"आणि खसखस? ती महाग."

"मागल्या साली तूच म्हणालीस, खसखस घालायची सोडली, परवडत न्हाय. मला वाईट वाटलं. काय गं, आवडलं न्हाय व्हय?"

तीन आठवडे ज्यात त्यात अक्काचे टोमणे बघत होते. लिंबं ती लिंबंच होती. बायका हसत होत्या, मीही हसले.

मग माझी पाळी. पा.बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही कुणाच्या, ताई?" म्हणाले, "अक्काची." कुणीतरी मागं म्हणालं, "म्हणजे मीठ हिनं धाडलं." आणि टाळ्या. जोरात. विजूताईनं मला जवळ ओढलं. पा.बाईंचे डोळे भरले. "बघा, देवानं चिठ्ठी कशी नेमकी दिली."

मी त्यांना नंतर बाजूला घेऊन विचारलंच, जोडी तुम्ही लावली होती का. बिचाऱ्या गोंधळल्या. "नाही हो ताई. चिठ्ठ्या तर माझ्या मुलीनं घड्या घातल्या, ती पहिलीत आहे."

त्या टाळ्या मी घेतल्या. नको म्हणाले नाही. चोरीचा माल घरात आणल्यासारखं वाटतंय.

२५ डिसें., नाताळ, गुरु.

पहाटेची भक्ती. थंडी होती, मोजे घातले. चर्च भरलेलं, पुण्या-मुंबईची पोरं आलेली. आमचा मुलगा यंदा आला नाही, रजा नाही म्हणतो. खरंच रजा नसेल. असं लिहायचं ठरवलंय, लिहिलं.

प्रभुभोजनाला बाकं एकेक करून उठली. आमचं बाक उठलं, मी उठले नाही. ह्यांनी कोपरानं ढोसलं. "चल की." मान हलवली. हे गेले. दोन वर्षं मी दर वेळी पुढं गेले, भाकर खाल्ली, द्राक्षरस घेतला, आणि मनात अक्काचं ते वाक्य घोळवत परत आले. कधी काही वाटलं नाही. आज पाय उचलला नाही.

बाहेर पा.बाईंनी हात धरला. "बरं नाही का ताई?"

"गुडघा," म्हणाले. नाताळच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, खोटं.

दुपारी फराळाची ताटं आली-गेली. कोण आलं, कोण नाही, ते मोजलं नाही. म्हणजे एकदा मोजायला लागले होते, अर्ध्यात सोडलं.

२७ डिसें., शनि.

ह्यांना सगळं सांगितलं. करंजीचंही. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "आई मला म्हणाली हुती, पोरगी दमती रे दमती."

"कधी?"

"शेवटी शेवटी. माझ्यासमोर तुझी कागाळी तिनं कधी केली न्हाय."

मग वहिनीला कुणी सांगितलं, असं विचारायचं जिभेवर आलं. विचारलंच. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता ते काढतीस? फोन कर."

केला. पुतणीनं उचलला. "काकू, आई झोपलीया." दुपारी साडेचारला? मागं बोलण्याचा आवाज येत होता. टी.व्ही. असेल. म्हटलं, उठल्यावर सांग मी केला होता. सांगते म्हणाली. सांगेल की नाही देवाला माहीत.

२८ डिसें., रवि.

फोन आला नाही. तसंही फोनवर माझा आवाज चढतो. चार तारखेला, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, पुन्हा प्रभुभोजन आहे. माझ्या मनात कुणीतरी कालपासून म्हणतंय, तू फोन केलास ना, तुझं काम झालं. हा आवाज कुणाचा ते मला कळतं. दोन वर्षं ह्याचंच ऐकलं.

प्रार्थना : देवा, अक्काला बरं कर. मला चतुर होऊ देऊ नकोस.

२९ डिसें., सोम.

आंतर्देशीय पत्र घेतलं. आधी इथं कच्चं लिहिते, मग उतरवते. नेसरीला दोन-तीन दिवसांत पोचेल.

ति. अक्का यांस,
सप्रेम सलाम. पाय कसा आहे? शेक देताना मीठ गरम करून फडक्यात बांधा, पाणी नको.

ते मीठ मी ठेवलं होतं. मंडळात आता सगळ्यांना कळलंय, आणि त्यांनी माझं कौतुक केलं, म्हणून तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच लिहिते. ते मी प्रेमानं ठेवलं नव्हतं, टोमणा म्हणून ठेवलं. तुमच्या अळणी आमटीचं मला माहीत नव्हतं. देवानं त्याचा उपयोग केला, त्यात माझं काही नाही. साबणही तसाच. तो वापरला नसेल तर टाकून द्या.

दुकानदारानं विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण, तेव्हा मी कुणी नाही म्हणाले. त्याचीही माफी मागते.

तुमच्यावरचा राग पुरता गेलाय असं लिहिणार नाही. चहाचा ट्रे हातात असताना सगळ्यांसमोर बोललात ते अजून लागतं. मला एकटीला गाठून बोलला असतात तर मी भांडले असते, पण भांडण तिथंच संपलं असतं. त्याबद्दल तुम्हाला काही म्हणावंसं वाटलं तर म्हणा. नाही वाटलं तरी मी परत विचारणार नाही.

पण तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं. आईंनी अर्धी करंजी मागितली होती, मी दिली नाही. डॉक्टरचं नाव पुढं केलं. मला पावण्यांना पुरवायच्या होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही परवा सांगितलं.

एक विचारते. त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच होतो, म्हणजे तुम्हाला आईंनीच सांगितलं असणार. काय सांगितलं ते मी विचारत नाही, ते मला ठाऊक आहे. सांगताना त्या रडत होत्या की हसत होत्या, एवढंच. दोन ओळी पुरेत. जे असेल ते, उलट टपाली कळवा.